समान वाटणी

परवा बँकेतल्या मंडळींबरोबर लोअर परळला जेवायला गेलो होतो. निमित्त एका धाकट्या सहकाऱ्याच्या बढतीचं. नवखा अधिकारी म्हणून तो माझ्या हाताखाली आला होता. आता मोठ्या खुर्चीवर आहे. जागा त्यानेच निवडली, एका बंद गिरणीच्या आवारातला 'गॅस्ट्रोपब'. निवृत्त आम्ही तिघे, नोकरीतले पाच जण आणि आमचे जुने दफ्तरी. त्यांना सारी शाखा अजून 'मामा' म्हणते.

आत उघड्या विटांच्या भिंती, लोखंडी खांब आणि मोठ्या आवाजातलं संगीत. मामा छताकडे बघत राहिले. "करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असायचं, साहेब. उत्तरेचा उजेड यायला." त्यांचे वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ते पुन्हा कधी मागावर उभे राहिले नाहीत.

गॅस्ट्रोपब हे प्रकरण मूळचं लंडनचं. १९८९ मध्ये सरकारी आदेशामुळे बिअरच्या बड्या कंपन्यांना आपल्या ताब्यातले कित्येक पब सोडावे लागले. त्यानंतर १९९१ साली मायकेल बेल्बेन आणि डेव्हिड आयर या दोघांनी फॅरिंग्डन रस्त्यावरचा 'द ईगल' हा पब चालवायला घेतला. पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले, खुर्च्या एकीसारखी दुसरी नाही, स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. चांगलं अन्न खायला टेबलक्लॉथ आणि टाय लागत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

म्हणजे कल्पना आपल्या खानावळीच्या जवळचीच. कोकणातून, घाटावरून आलेला एकटा गिरणीकामगार चाळीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जेवायचा. पगार झाला की हिशेब. अशा बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तारण काय, तर बाईच्या हाताची चव आणि तिचा शब्द. मामा सांगत होते, "संपात पगार थांबले, तरी आमच्या शेजारच्या मावशींनी कुणाचं ताट बंद केलं नाही."

आमच्या टेबलावर मात्र ताट नव्हतंच. छोट्या छोट्या बशा येत होत्या, तरुण मंडळी हौसेने मागवत होती. मामांनी मेनूकार्ड उजवीकडून वाचलं आणि लिंबू सरबत व बटाट्याचे काप मागवले. "रात्री जास्त खात नाही," म्हणाले. मी मान डोलावली आणि पुन्हा गप्पांत रमलो.

बिल आलं. मी धरून चाललो होतो की बढतीवाला देईल. त्याने फोनवर भागाकार केला आणि हसत म्हणाला, "माणशी एकवीसशे, सर. मला फोनवरून पाठवा." सगळ्यांचे अंगठे फोनवर चालू लागले. मामांनी शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि टेबलावर ठेवल्या. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. उभा जन्म दुसऱ्याची ऐपत तपासून कर्जं मंजूर करण्यात गेला, आणि शेजारी बसलेल्या माणसाची ऐपत त्या घडीला माझ्या ध्यानात आली नाही! की आली होती, पण चारचौघांत बोलायचा संकोच वाटला?

करी रोड स्टेशनकडे चालताना मी पैसे पुढे केले. मामांनी हात मागे घेतला. "खानावळीत हिशेब महिन्याने व्हायचा साहेब, इथं लगेच होतो. एवढाच फरक."

फरक एवढाच नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या धाकट्या मित्राला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, माझ्या डोक्यातच आलं नाही." मी म्हटलं, "माझ्या आलं होतं, पण मी गप्प बसलो. तुझ्यापेक्षा माझीच चूक मोठी."

पुढच्या महिन्यात दादरला थाळी खायची ठरली आहे. जागा कुठली, हे या खेपेला आधी मामांना विचारलं. बढतीचं जेवण राहिलंच आहे, असं त्या मुलाने त्यांना स्वतः घरी जाऊन सांगितलं.