मोन्तोने : टेंकडीवरचें एक इटालियन गांव

इटलीस जाणारा प्रवासी बहुधा तीन नांवें मनांत घेऊन निघतो : रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस. या तीन नगरांत पाहण्यासारखें इतकें आहे कीं, आठ-दहा दिवसांची सुटी केव्हां सरली हें कळतहि नाहीं. परतल्यावर मात्र चित्रशाळा, घुमट, कालवे आणि गर्दी यांची त्याच्या मनांत सरमिसळ होऊन बसते. आणि इटालियन मनुष्य आपल्या गांवीं कसा राहतो, काय खातो, कशाचा अभिमान बाळगतो, असें कोणी विचारलें तर त्यास नीट उत्तर देतां येत नाहीं. हें उत्तर ज्यास हवें असेल त्यानें सुटींतले चार दिवस बाजूस काढून टेंकडीवरच्या एखाद्या लहान गांवीं मुक्काम करावा. मध्य इटलींतील उंब्रिया प्रांत अशा गांवांनीं भरलेला आहे. मोन्तोने हें त्यांपैकींच एक. मराठी प्रवाशास तेथें जाण्याला एक निराळें कारणहि आहे; परंतु तें गांवाची ओळख झाल्यावरच नीट समजण्यासारखें आहे.

मोन्तोने टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, पेरूजा शहराच्या उत्तरेस सुमारें चाळीस किलोमीटरांवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची पांचशें मीटरांच्या जवळपास असून लोकवस्ती, भोंवतालच्या वाड्या धरून, सुमारें दीड हजार आहे. इटालियन भाषेंत 'मोन्तोने' या शब्दाचा अर्थ मेंढा असा होतो. खालच्या सपाटीवरून पाहिलें म्हणजे टेंकडीच्या माथ्यावर दगडी घरांचें एक कडें आणि त्यांतून वर आलेला घंटेचा मनोरा एवढेंच दिसतें. सह्याद्रींत फिरलेल्या मनुष्यास प्रथमदर्शनीं हा एखादा गडच वाटेल. तट आहे, दरवाजे आहेत, वळणें घेत वर चढणारी वाट आहे. परंतु गड आणि हें गांव यांत एक महत्त्वाचा भेद आहे. गडावर शिबंदी असे आणि रयत पायथ्याशीं नांदे. येथें सारें गांवच वर राहावयास गेलें, आणि शेती तेवढी खालीं राहिली.

असें कां झालें, याचीं कारणें जुनीं आहेत. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य पांचव्या शतकांत मोडलें. ज्या सपाटीवरून रोमन रस्ते जात त्याच सपाटीवरून पुढें लुटारू सैन्यें येऊं लागलीं. नद्यांचे बांध आणि पाण्याचे चर यांची निगा राहिली नाहीं; मध्य इटलीच्या पुष्कळ सखल भागांत दलदल माजली आणि हिंवतापानें ठाण दिलें. पुढें दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान जमीनदार, मठ आणि ग्रामस्थ यांनीं जागोजाग उंचवटे निवडून तटबंद वस्त्या उभारल्या. सुपीक जमीन घरांखालीं दवडावयाची नाहीं, हाहि हिशेब त्यांत होता. गांवाची रचना यावरूनच ठरली. माथ्यावर जागा थोडी, म्हणून घरें एकमेकांना टेकून उभीं; गल्ल्या अरुंद; आणि चढ आला कीं पायऱ्या. अशा गांवांतून पायींच हिंडावें लागतें, आणि तेंच बरें.

लहान गांवीं एकट्यानें जाण्यापेक्षां मित्रासह जाणें अधिक फलदायी ठरतें. मोठ्या शहरांत पाहण्याच्या वस्तूच प्रवाशाला बोलावीत असतात. लहान गांवांत त्या शोधाव्या लागतात, आणि शोधावयास दोहोंपेक्षां चार डोळे बरे. दोघांच्या आवडी भिन्न असल्या तर उत्तमच. मुंबईचे दोन मित्र जुलै महिन्यांत चार दिवस मोन्तोनेस राहिले, अशी कल्पना करावी. एकास इतिहासाचें वेड आहे. दुसऱ्यास तें मुळींच नाहीं. परंतु अनोळखी माणसांशीं बोलण्याची आणि नवे पदार्थ चाखण्याची हौस दांडगी. पहिल्या दिवशीं तासाभरांत सारें गांव पाहून होतें. तिन्ही दरवाजे झाले, चौक झाला, चर्च झालें. दुसरा विचारतो, "अरे, संपलें कीं रे गांव! उद्यां सकाळीं फ्लॉरेन्सची वाट धरूं." हा प्रश्न येथें येणाऱ्या बहुतेकांना पडतो. जो पहिल्याच संध्याकाळीं निघून जातो त्याच्यापुरतें गांव खरोखरीच संपलेलें असतें.

हे दोघे थांबतात. दुसऱ्या दिवशीं इतिहासप्रेमी मित्र सोबत्यास सान फ्रान्चेस्को नांवाच्या चर्चमध्यें नेतो. चौदाव्या शतकांतील, गॉथिक पद्धतीची ही साधी इमारत शेजारच्या मठासह आतां गांवचें संग्रहालय झाली आहे. पेरूजाचा चित्रकार बार्तोलोमेओ कापोराली यानें १४८२ सालीं रंगविलेलें एक निशाण येथें पाहावयास मिळतें. संकटांत धांवून येणारी मेरीमाता हा त्याचा विषय. उंब्रियांत त्या काळीं अशीं निशाणें गांवोगांव असत. प्लेगची सांथ आली म्हणजे तीं मिरवणुकींत पुढें धरून लोक करुणा भाकीत रस्त्यांतून फिरत. एरव्हीं जें चित्र केवळ रंगांसाठीं पाहिलें असतें, तें इतकें कळल्यावर निराळेंच दिसूं लागतें. याच चर्चच्या साधूंकरितां कापोराली आणि त्याचा भाऊ यांनीं १४६९ सालीं एक प्रार्थनेची पोथी सोनेरी चित्रांनीं सजविली होती. ती आतां अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील कलासंग्रहालयांत आहे. "म्हणजे मोन्तोनेची पोथी पाहावयास अमेरिका गांठावी लागणार!" असें सोबती म्हणतो. म्हणतो तो थट्टेनें. परंतु लहान गांवांचें वैभव कालांतरानें कोठें जातें, याचें तें सरळ उत्तर आहे.

गांवच्या मुख्य चौकास फोर्तेब्राच्चो असें नांव आहे. हें ज्या घराण्याचें नांव, त्यांतील ब्राच्चो (१३६८–१४२४) हा पगारी फौजांचा विख्यात नायक होता. त्या काळच्या इटलींत नगरराज्यें आपापसांत लढत. लढण्यासाठीं मात्र असे नायक मोल देऊन आणीत. ब्राच्चो इतका प्रबळ झाला कीं, १४१६ सालीं त्यानें पेरूजा शहरच ताब्यांत घेतलें. १४२४ सालीं लाक्विला नगराजवळच्या लढाईंत तो पडला. त्याचा मुलगा कार्लो यानें व्हेनिसच्या राज्याची चाकरी केली, आणि तिच्या मोबदल्यांत त्यास एक पवित्र अवशेष मिळाला. ख्रिस्ताच्या कांटेरी मुकुटांतील तो एक कांटा होय, अशी भाविकांची श्रद्धा आहे. कार्लोनें तो १४७३ सालीं गांवास अर्पण केला. त्या दानाचा उत्सव आजहि ऑगस्टमध्यें होतो. तीन दरवाजांवरून गांवाचे तीन भाग पडले आहेत. त्या दिवसांत या भागांत तिरंदाजीचे सामने लागतात, आणि लोक जुन्या काळचे पोशाख करून मिरवितात. दीड हजारांच्या वस्तींत तीन पक्ष आणि त्यांची वर्षभराची चुरस! ज्यानें आपल्याकडील गांवची जत्रा आणि पालखीच्या मानाचे वाद पाहिले आहेत, त्यास याचें नवल वाटणार नाहीं.

सोबत्याचा तपास तोंवर दुसरीकडे चाललेला असतो. दुपारीं एकच्या सुमारास दुकानें बंद होतात आणि चारपर्यंत गांव निजतें, हें त्यास पहिल्याच दिवशीं कळलेलें असतें. ज्यानें या वेळांत वस्तु आणण्याचा बेत केला त्याची फसगत ठरलेलीच. उंब्रियांत रोजच्या पावांत मीठ घालीत नाहींत. नवख्यास तो प्रथम अळणी लागतो, पण खारविलेलें मांस आणि चीज यांच्याबरोबर तोच बरोबर जुळतो. त्याहून जवळचा वाटतो तो 'तोर्ता आल तेस्तो' हा पदार्थ. तापविलेल्या जाड तव्यावर भाजलेली ही गव्हाच्या पिठाची जाड, वाटोळी पोळी. मधून चिरून तींत पालेभाजी वा चीज भरतात. मराठी मनुष्य तिला भाकरीच्या नात्यांतली समजून स्वस्थपणें हात घालतो. या टापूंतील रानांत त्रुफ्फल नांवाचें, जमिनीच्या पोटांत वाढणारें एक मोलाचें अळंबें मिळतें. तें हुडकण्यासाठीं शिकविलेले कुत्रे नेतात. नोव्हेंबरच्या आरंभीं गांवांत रानाचा उत्सव भरतो, तेव्हां गल्ल्यांतून त्रुफ्फल, अळंबीं, चेस्टनट आणि मध यांचीं दुकानें लागतात. संध्याकाळीं ऊन उतरलें म्हणजे म्हातारे चौकांत येऊन बसतात. भाषा येत नसली तरी त्यांच्यापाशीं बसतां येतें, आणि दुसऱ्या संध्याकाळीं ते ओळख देतात.

तिसऱ्या दिवशीं दोघे तटापाशीं उभे राहून खालचें खोरें पाहतात. या उंचीवरून नदी, रस्ता आणि पलीकडच्या टेंकड्यांच्या रांगा एका दृष्टिक्षेपांत येतात. ज्या कारणानें मध्ययुगांत गांव येथें वसलें, त्याच कारणानें १९४४ सालीं युद्धहि येथें आलें. त्या वर्षीं ४ जून रोजीं दोस्तांच्या फौजा रोममध्यें शिरल्या. जर्मन सेना उत्तरेकडे हटूं लागली. पण प्रत्येक उंचवट्याचा आश्रय घेऊन, झगडत झगडत. टायबरच्या खोऱ्यांतून त्यांच्यामागें वर सरकत होती ती हिंदुस्थानची दहावी डिव्हिजन. तींत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती, आणि त्या पलटणींत कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील बावीस वर्षांचे नाईक यशवंत घाडगे होते.

१० जुलै १९४४ रोजीं त्यांच्या कंपनीनें शत्रूच्या एका मजबूत ठाण्यावर हल्ला चढविला. घाडगे ज्या तुकडीचे नायक होते तिच्यावर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि त्यांच्याखेरीज तुकडींतील एकूण एक शिपाई ठार वा जखमी झाला. बरोबर येण्यास कोणी उरलें नाहीं हें जाणूनहि ते तसेच पुढें धांवले. प्रथम बॉम्ब टाकून त्यांनीं ती तोफ आणि ती चालविणारा यांना गप्प केलें. दुसऱ्या एकास गोळी घातली. आणि बंदूक पुन्हां भरण्यास अवधि नाहीं असें पाहून ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांशीं सामना केला. ठाणें हातीं आलें. परंतु लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातींत व पाठींत शिरल्या, आणि त्या ठाण्यांतच त्यांनीं प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. त्यांची कबर वा समाधि कोठें नाहीं. ज्यांना ती लाभली नाहीं अशांच्या कासिनो येथील स्मारकावर त्यांचें नांव कोरलेलें आहे. माणगांवीं त्यांचा पुतळा आहे. इटलीच्या रणांगणावर पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले. त्यांपैकीं ५,७८२ परत आले नाहींत.

जुलै २०२३ मध्यें मोन्तोनेच्या गांवकऱ्यांनीं यशवंत घाडगे यांचें एक स्मारक उभारलें. तें पुतळ्याच्या रूपांत नाहीं. तें सावलीचें घड्याळ आहे. त्यावरील लॅटिन वचनाचा आशय असा कीं, सर्व माणसें एकाच सूर्याखालीं राहतात. चौथ्या दिवशीं, निघण्यापूर्वीं, दोघे मित्र त्यापाशीं जातात. सोबती मनगटावरचें घड्याळ पाहून म्हणतो, "सव्वा वाजून गेला; गाडी चुकेल. सावली म्हणते आतां कुठें बारा वाजताहेत!" इतिहासप्रेमी मित्राजवळ याचा उलगडा असतो. छायायंत्र त्या त्या गांवचा सूर्य पाहून वेळ सांगतें. मनगटावरचें घड्याळ साऱ्या देशाकरितां ठरविलेली वेळ सांगतें. इटलीची वेळ पंधराव्या पूर्व रेखांशावरून मोजतात. मोन्तोने त्याच्या पश्चिमेस असल्यामुळें तेथें सूर्य सुमारें अकरा मिनिटें उशिरां माथ्यावर येतो. पृथ्वीच्या भ्रमणाच्या चढउतारामुळें जुलैंत त्यांत आणखी पांच-सहा मिनिटांची भर पडते. आणि उन्हाळ्यांत घड्याळें एक तास पुढें केलेलीं असतातच. म्हणून दोन्हीहि वेळा खऱ्या.

मग दोघे बोटांवर दुसरा एक हिशेब करितात. माणगांव आणि मोन्तोने यांच्या रेखांशांत सुमारें एकसष्ट अंशांचें अंतर आहे, आणि सूर्याला एक अंश ओलांडावयास चार मिनिटें लागतात. म्हणजे मोन्तोनेच्या माथ्यावर आलेला हा सूर्य चार तासांपूर्वीं माणगांवच्या माथ्यावर होता. तेथें आतां उन्हें कलूं लागलीं असतील, आणि आषाढाचे ढग असले तर पुतळ्याची सावलीहि पडली नसेल. सोबती पुन्हां घड्याळाकडे पाहत नाहीं. फ्लॉरेन्सची गाडी उद्यांहि आहे, असें तोच म्हणतो, आणि दोघे चौकाकडे वळतात. दुकानें चारला उघडतील.