शाल-श्रीफळाऐवजी वायुभारमापक

आपल्याकडं कुणी गावाची सेवा केली की शाल अन् श्रीफळ देऊन सत्कार करतात. पण ब्रिटन व आयर्लंडच्या समुद्रकाठी एक संस्था आहे, तिनं वर्षानुवर्षं बिनपगारी काम करणाऱ्या काही माणसांना सन्मान म्हणून चक्क वायुभारमापक दिले. वर त्या माणसाचं नाव कोरून! हवेचं वजन मोजायचं यंत्र बक्षीस म्हणून द्यायचं, हे ऐकून मला आधी हसू आलं. पण त्यामागं कारण आहे.

या संस्थेचं नाव रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने ती १८२४ साली निघाली. वादळात जहाज फुटलं की हिची माणसं बोट घेऊन लाटांत शिरतात. पैसा लोकांच्या देणगीचा, आणि बोटीवरची बहुतेक माणसं स्वयंसेवक. अशा माणसाला वादळाची आगाऊ खबर देणाऱ्या यंत्राइतकी मोलाची वस्तू कोणती?

आता यंत्र कसं चालतं ते पाहू. आपल्या अंगावर, घरावर, विहिरीच्या पाण्यावर हवेचा भार असतो. इटलीतल्या टॉरिसेली या शास्त्रज्ञाने सुमारे १६४३ साली एका बाजूने बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरली आणि पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा खाली आला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्याला दाबते, म्हणून नळीतला पारा उभा राहतो. पाऱ्याऐवजी पाणी घेतलं तर नळी दहा मीटरहून उंच लागेल, कारण पारा पाण्याच्या साडेतेरा पटीहून जड.

शेतकऱ्यांना ही गोष्ट वेगळ्या रीतीने ठाऊक आहेच. विहिरीचं पाणी खोल गेलं की काठावरचं इंजिन पाणी ओढत नाही, ते खाली उतरवून मांडावं लागतं. पाणी वर ढकलते ती हवा, आणि तिची ताकद तेवढीच!

आपला भाग समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच. त्यामुळे इथं पारा ७० ते ७२ सेंटिमीटरच्या आसपासच राहील. यंत्र बिघडलं असं समजू नये.

वादळाच्या पोटात हवेचा भार कमी असतो. म्हणून वादळ जवळ येऊ लागलं की पारा भराभर उतरतो. रागावलेल्या माणसाचा पारा चढला असं आपण म्हणतो, पण खलाशी पारा उतरला की घाबरतो.

जहाजावर मोठी अडचण होती. जहाज हललं की पारा नळीत वरखाली उसळायचा, काच फुटायची. म्हणून जहाजी वायुभारमापकाची नळी मध्ये अगदी अरुंद केली आणि यंत्र टांगतं ठेवलं. गाडी खाचखळग्यांतून जाताना बैलगाडीखाली टांगलेला कंदील कसा सरळ राहतो, तसंच. पुढं फ्रान्समधल्या व्हिडी यांनी १८४४ साली पाऱ्याशिवायचा, पत्र्याच्या डबीचा वायुभारमापक काढला. त्याला ॲनेरॉईड म्हणतात.

ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज ऑस्ट्रेलियाहून येताना वेल्सच्या किनाऱ्याशी वादळात फुटलं. सुमारे साडेचारशे माणसं गेली, तीही घराजवळ येऊन. तेव्हा ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख फिट्झरॉय होते (डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून फिरला, त्याचे कप्तान हेच). गरीब मच्छीमारांच्या गावांत सर्वांना दिसेल असे वायुभारमापक लावण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८६१ पासून ते तारेने वादळाचे इशारेही देऊ लागले.

पण इशारा फुकट नसतो. नाव बाहेर काढली नाही तर त्या दिवशीची कमाई बुडते, आणि वादळ आलंच नाही तर लोक चिडतात. पेरणी करावी की थांबावं, हा आपल्या घरातला वाद असाच की! फिट्झरॉय १८६५ साली वारले. पुढल्या वर्षी विद्वानांनी इशारे बंद केले. मग किनाऱ्यावरच्या लोकांनीच मागणी केली आणि १८६७ मध्ये ते परत सुरू झाले.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. भारताचं हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. तरी १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना खवळलेल्या समुद्रात बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ आलं, तेव्हा मात्र आधीच खबर होती आणि हजारो लोकांना हलवलं गेलं.

एक सांगितलंच पाहिजे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात पडल्या तशा गारा कुठल्या शेतावर पडतील, हे वायुभारमापक सांगू शकत नाही. शिवाय आपल्याकडं पारा रोज सकाळी दहाच्या सुमारास थोडा चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आभाळ निरभ्र असलं तरी. म्हणून कालच्या चारचा आकडा आजच्या चारशीच ताडून बघायचा.

— इयत्ता सातवी