पंचविशीतले टक्कल : उपाय निवडण्याआधी

यंदा पोळ्याला मी गावी, सौंसरला गेलो होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला मावशीकडे जेवण होते. खाली जाम नदीच्या पात्रात गोटमार सुरू झालेली, पांढुर्णा आणि सावरगावच्या लोकांचा गलका गच्चीपर्यंत येत होता. मावसभाऊ चोवीस वर्षांचा. घरची संत्र्याची बाग सांभाळतो. तुळशीच्या लग्नानंतर त्याच्यासाठी मुली पाहायच्या, असे घरात ठरले आहे. जेवण होताच त्याने मला माडीवर नेले, दार लोटले आणि डोक्यावरची टोपी काढली. ‘‘दादा, केस गळूनच राहिले ना. लग्नापर्यंत काही होते का, सांग.’’

खिडकीत कांद्याच्या तेलाची बाटली होती, भृंगराज तेल होते, बायोटिनच्या गोळ्या होत्या. त्यांच्या शेजारी जाहिरात पाहून मागवलेली एक कुपी होती. तिच्यावर घटकद्रव्यांचा उल्लेखच नव्हता. वर्षभराची जमवाजमव.

गोव्यातील वाचकांना सांगायला हवे की पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील मराठी बोलणारे तालुके. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सीमा पलीकडे गेली, पण लग्नाचा बस्ता आणि मोठा दवाखाना यांसाठी माणसे आजही नागपूरच गाठतात. केसांसाठी मात्र कुणी डॉक्टरकडे जात नाही. तो प्रश्न आधी न्हाव्याकडे, मग औषधाच्या दुकानात आणि अखेरीस मोबाइलच्या पडद्यावर सोडवला जातो. पणजीत आमच्या कार्यालयातही तरुण सहकारी हाच प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. म्हणून त्या दुपारचे बोलणे येथे नीट मांडतो.

पहिला प्रश्न उपायाचा नाही, निदानाचा आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे स्वाभाविक असते. टायफॉइड, डेंग्यू, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटवलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ हातात येतात. शरीरावर ताण येतो तेव्हा पुष्कळ केस एकाच वेळी वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि पुढे एकदमच गळतात. माणूस घाबरतो, पण कारण दूर झाले असेल तर हे केस बहुधा सहा महिन्यांत सावरतात. ज्या तेलाला त्याचे श्रेय मिळते, ते योगायोगाने त्या काळात लावलेले असते. रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, त्यामुळे त्याचा उपचार वेगळा असतो.

पुष्कळ माणसांचे केस एकदम जाऊ लागले, तर शोध आणखी वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत स्त्रिया, पुरुष आणि मुले यांचे केस अवघ्या काही दिवसांत गेले. आधी पाण्यावर संशय घेतला गेला, शाम्पूवर घेतला गेला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले. महाडचे ज्येष्ठ डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. पुढे काहींची नखेही गळू लागली. त्या गावांत कुणी तेलाच्या बाटल्या विकत बसला असता, तर मूळ कारणापासून लोकांचे लक्ष तेवढे दूर गेले असते.

मावसभावाचे दुखणे यांपैकी कुठलेच नव्हते. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेले आणि टाळूवर केस विरळ, हा वारशाने येणाऱ्या पुरुषी टकलाचा नेहमीचा नकाशा. या नकाशाचे सात टप्पे हॅमिल्टन आणि नॉरवुड यांच्या नावाने ओळखले जातात. भाऊ दुसऱ्याच्या पुढे, तिसऱ्याच्या अलीकडे होता. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये एक जुनी समजूत शास्त्राच्या आधारे मांडली : वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले, त्यांना टक्कल पडत नाही. म्हणजे पुरुषी संप्रेरकाशिवाय हे टक्कल नाही. पण संप्रेरक जास्त झाले म्हणून ते पडते, असे नव्हे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते आणि ज्यांच्या केसमुळांना त्याची वारशानेच ओढ असते, त्यांची मुळे दर फेरीत बारीक होत जातात. जाड केसाच्या जागी लव उरते. ‘मामाला टक्कल तर भाच्याला टक्कल’ हे आपल्याकडचे म्हणणे अर्धेच खरे आहे. यातील एक महत्त्वाचे जनुक आईकडून येते, पण बाकीची दोन्ही घरांकडून येतात.

येथे मला गोटमारीचाच दाखला द्यावा लागला. शेजारच्या काकांना तरुणपणी दगड लागला होता. टाक्यांच्या त्या व्रणावर आजतागायत केस नाही, कारण तेथील मूळच गेले. टकलात मूळ आधी बारीक होते आणि बराच काळ जिवंत राहते. औषधांना वाव असतो तो याच काळात. गुळगुळीत झालेली जागा औषधाने पुन्हा भरत नाही. निर्णय घ्यायचाच असेल तर लवकर घ्यावा, तो यासाठी. (डोके भादरल्याने केस दाट येतात, ही समजूतही येथेच बाजूला ठेवावी. वस्तरा केस कापतो, मुळाला शिवत नाही. आमच्याकडे भादरण्याला ‘गोटा करणे’ म्हणतात. गोटमारीच्या दिवशी हा शब्द जपूनच उच्चारावा.)

पुरावा असलेली मुख्य औषधे दोन. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून तिचे लावण्याचे द्रावण झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते रोज लावावे लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत केस अधिकच गळतात आणि नेमके तेव्हाच बहुतेक जण बाटली फेकून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने जातात. लावणे थांबवले की मिळवलेले काही महिन्यांत जाते. दुसरे फिनास्टराइड. १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आलेली ही गोळी कमी मात्रेत १९९७ मध्ये टकलासाठी मान्य झाली. ती डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनच घटवते, त्यामुळे गळती रोखण्यात अधिक प्रभावी ठरते. पण थोड्या पुरुषांना कामेच्छा मंदावणे, ताठरता कमी होणे असे त्रास होतात. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध यंत्रणेने आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. म्हणून नैराश्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा, आणि मन खचू लागले तर गोळी थांबवून तत्काळ त्यांना गाठावे. लग्नाच्या तोंडावर असलेल्या मुलाने ही गोळी दुकानदाराच्या सल्ल्याने घेणे मला धाडसाचे वाटते. गोळी घेत असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करता येत नाही, हेही कुणी सांगत नाही.

तेलांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती बाहेरच्या केसाला मऊपणा देतात. बायोटिनची कमतरता क्वचितच असते, आणि ती नसेल तर गोळीने टक्कल थांबत नाही. बोअरच्या पाण्याला मावशी दोष देत होती. तेही निर्दोष.

केशरोपण हा मोहाचा मार्ग. मागच्या बाजूचे केस या संप्रेरकाला दाद देत नाहीत आणि पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवले. त्यावरच सारे शास्त्र उभे आहे. पण मागची ठेव मोजकीच असते. चोविसाव्या वर्षी ती पुढच्या रेषेवर खर्च केली आणि मधले केस पुढे गळतच राहिले, तर कपाळावर दाट पट्टी आणि मागे मोकळे पटांगण उरते. चांगला शल्यविशारद एवढ्या लहान वयात थांबायला सांगतो. जो पहिल्याच भेटीत तारीख देतो, त्याच्याकडून उठून यावे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले होते की हे कौशल्य कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर शिकून येत नाही. तरीही कानपुरात एका दंतवैद्याच्या दवाखान्यात रोपण केलेल्या दोन अभियंत्यांचा मृत्यू झाल्याच्या तक्रारी २०२५ मध्ये पुढे आल्या.

उरतो तो काहीच न करण्याचा पर्याय. तोही निर्णयच आहे, हरणे नव्हे. मी स्वतः सत्ताविसाव्या वर्षी द्रावण सुरू केले. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ लावले. केस टिकले, पण रात्रपाळीनंतर आरशासमोर उभे राहण्याचा मला कंटाळा आला. थांबवले, गेलेले जाऊ दिले, आता महिन्यातून दोनदा यंत्र फिरवतो. ज्याला रोजचे लावणे ओझे वाटत नाही, त्याने ते जरूर करावे. वाईट फक्त ते अधांतरी वर्ष, ज्यात माणूस ना उपचार करतो ना सोडून देतो, नुसत्या बाटल्या बदलतो.

लग्नाचे काय, या त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ औषध नव्हते. तुळशीच्या लग्नापर्यंत तीन महिनेही उरले नव्हते, आणि तेवढ्यात काहीही उगवत नाही. टोपी घालून काढलेला फोटो मात्र पहिल्याच भेटीत खोटा ठरतो. मुलीने आणि तिच्या घरच्यांनी आहे ते डोके पाहून हो किंवा नाही म्हटलेले बरे, असे मी म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता.

संध्याकाळी गोटमार थांबली तेव्हा त्याने नागपूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली, शुक्रवारची. घटक न छापलेली कुपी मावशीच्या नकळत मोरीत ओतली. मग बागेत जाऊन, टोपी खिशात ठेवून, परिचयपत्रासाठी नवा फोटो काढला. मी निघालो तेव्हा मावशी तो फोटो डोळ्यांजवळ धरून पाहत होती. ‘‘अगदी याच्या बापासारखा दिसते,’’ म्हणाली.