दुकानाचं नेटवर्क बसवा आणि सांभाळा : कमी भांडवलात सुरू होणारा सेवा व्यवसाय



तुमच्या गावातल्या बाजारपेठेत एक फेरी मारा. मेडिकल, हार्डवेअर, साडीचं दुकान, दवाखाना, सीएचं ऑफिस, पतसंस्था. प्रत्येक ठिकाणी काय दिसतं? बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, तीन-चार कॅमेरे आणि कोपऱ्यात धुळीनं माखलेला एक राउटर. त्या राउटरचा दिवा लाल झाला की मालकाचा चेहराही उतरतो. बिल निघत नाही, स्टॉक दिसत नाही, गिऱ्हाईक समोर उभं. मग फोन कुणाला करायचा? इंटरनेटवाला म्हणतो, "आमची लाइन चालू आहे." कॉम्प्युटरवाला म्हणतो, "मशीन ओके आहे." कॅमेरेवाला फोनच उचलत नाही.

या तिघांच्या मधली जी जागा रिकामी आहे ना, तिथे तुमचा व्यवसाय आहे. या लेखात आपण बघूया की हे काम नेमकं काय असतं, त्यात पैसा कुठे मिळतो आणि कुठे बुडतो.

आधी दोन शब्द समजून घ्या : लॅन आणि वॅन

एकाच जागेतली कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे ही सगळी यंत्रं एकमेकांना जोडली की ते झालं लॅन. दुकान एका रस्त्यावर, गोडाऊन तीन किलोमीटरवर आणि शाखा दुसऱ्या तालुक्यात, ही ठिकाणं एकमेकांना जोडली की ते झालं वॅन. सोपं लक्षात ठेवायचं तर लॅन म्हणजे घरातलं नळाचं पाइपिंग आणि वॅन म्हणजे गावोगाव जाणारी पाण्याची लाइन.

लॅनसाठी आपण जे इथरनेट वापरतो त्याची सुरुवात १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात झाली. वेग हजारो पटींनी वाढला, पण इथरनेट टिकून आहे. म्हणजे आज शिकलेलं काम दोन वर्षांत जुनं होणार नाही. नवीन माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

वायर हेच खरं काम

बऱ्याच जणांना वाटतं की महागडा राउटर घेतला की झालं. प्रत्यक्षात वारंवार येणाऱ्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा वायरिंगमध्ये सापडतं. म्हणून हे नियम पाठ करा.

१. तांब्याची वायर १०० मीटरच्या पुढे नेऊ नका. त्यातले ९० मीटर भिंतीतले आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या छोट्या पॅच कॉर्डचे. गोडाऊन त्यापेक्षा लांब असेल तर फायबर टाका.

२. वायर शुद्ध तांब्याचीच घ्या. बाजारात 'सीसीए' नावाची स्वस्त वायर मिळते. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. ब्लेडनं खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर परत करा. कॅमेऱ्याला त्याच वायरीतून वीज देतो, त्याला पीओई म्हणतात. सीसीएमध्ये रोध जास्त, त्यामुळे वायर तापते आणि शेवटचा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड लागला की बंद पडतो.

३. नेटवर्कची वायर आणि लाइटची वायर एकाच पाइपातून नेऊ नका.

४. दोन वेगळ्या इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची वायर ताणू नका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की त्या वायरीतून झटका येतो आणि स्विचचे पोर्ट जळतात. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. फायबर जोडायचं यंत्र सुरुवातीला विकत घेऊ नका, ते काम करणाऱ्याला जोडणीप्रमाणे पैसे द्या.

५. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना लेबल लावा. 'काउंटर १', 'गल्ला कॅमेरा', 'मालक केबिन'. रात्री नऊ वाजता फॉल्ट शोधताना या लेबलची किंमत कळते.

वाय-फायबद्दल एक गोष्ट. २.४ गीगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी तीनच चॅनेल आहेत : १, ६ आणि ११. बाजारपेठेत शेजारच्या दहा दुकानांचे राउटर याच तीन चॅनेलवर भांडत असतात. त्यामुळे बिलिंगचा कॉम्प्युटर नेहमी वायरवर ठेवा. वाय-फाय मोबाइल आणि टॅबसाठी.

आणि गिऱ्हाइकांना दिलेलं वाय-फाय, कॅमेरे आणि हिशेबाची मशीन ही तिन्ही एकाच नेटवर्कवर ठेवू नका. चांगल्या स्विचमध्ये व्हीलॅन करून ती वेगळी करता येतात. समोरच्या बाकावर बसलेला अनोळखी मोबाइल तुमच्या हिशेबाच्या मशीनपर्यंत पोचता कामा नये.

दोन ठिकाणं जोडताना

आता समजा, एका भुसार व्यापाऱ्याचं दुकान पेठेत आहे आणि गोडाऊन मार्केट यार्डात. त्याला दोन्हीकडे एकच स्टॉक दिसायला हवा. त्याच्यासमोर तीन रस्ते आहेत.

पहिला, लीज्ड लाइन. कंपनी ठरलेला वेग आणि सेवेची लेखी हमी देते, पण महाग. दुसरा, दोन्हीकडे साधं फायबर ब्रॉडबँड आणि मध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा कुलूपबंद बोगदा. तिसरा, सॉफ्टवेअरच क्लाउडवर नेणं. छोट्या व्यापाऱ्याला बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा परवडतो.

व्हीपीएन करताना एक अडचण हमखास येते. पुष्कळ ब्रॉडबँड कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, अनेक ग्राहकांत मिळून एकच असतो. अशा वेळी बाहेरून त्या राउटरपर्यंत पोचता येत नाही. उपाय सोपा आहे : दोनपैकी एका ठिकाणी तरी स्टॅटिक आयपी घ्या, दुसरं ठिकाण तिथे जोडून घेईल. कोटेशन देण्याआधी हे विचारा, काम सुरू झाल्यावर नाही.

इथेच एक धोकादायक शॉर्टकट मारला जातो. ऑफिसचा कॉम्प्युटर घरून बघायचा म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट थेट इंटरनेटला उघडून देतात. दोन मिनिटांचं काम, मालक खूश. पण असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात. पासवर्ड कच्चा असला की कुणीतरी आत शिरतं, सगळ्या फाइलींना कुलूप लावतं आणि खंडणी मागतं. पतसंस्थेच्या ठेवीदारांची खाती किंवा सीएच्या अशिलांची वर्षांची कागदपत्रं त्यात अडकू शकतात. ग्राहकानं कितीही आग्रह केला तरी हे करू नका. व्हीपीएन लावा. आणि बॅकअप तीन प्रतींत, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक प्रत जागेबाहेर, हा नियम पाळा.

"दोन कनेक्शन आहेत" म्हणजे खरंच दोन आहेत का?

ग्राहक सांगतो, "माझ्याकडे दोन कंपन्यांचं नेट आहे, काळजी नाही." तुम्ही बाहेर जा आणि वर बघा. दोन्ही केबली त्याच खांबावरून येतात का? दोन्ही त्याच चरातून जातात का? मग जेसीबीचा एक फावडा दोन्ही तोडेल. दुसरा रस्ता खरोखर वेगळा हवा. एक फायबर आणि एक मोबाइल सिमवर चालणारा राउटर, आणि पहिला बंद पडला की आपोआप दुसऱ्यावर जाणारी सेटिंग. शिवाय राउटर आणि स्विचला छोटा यूपीएस. दुरुस्तीसाठी लाइट गेली की इन्व्हर्टरवर दिवे चालू आणि राउटर मात्र बंद, असं दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

हमीचे टक्केसुद्धा मोजायला शिका. ९९.५ टक्के ऐकायला छान वाटतं. पण ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. तेवढा वेळ शनिवारी संध्याकाळी बंद राहिला तरी कंपनीनं हमी पाळलीच म्हणायची! हे गणित मालकासमोर कागदावर करून दाखवा. तुमच्याबद्दलचा आदर तिथेच वाढतो.

पैसा कुठे आहे?

वायर-स्विच विकून मिळणारा नफा कमी. ग्राहक लगेच मोबाइलवर ऑनलाइन भाव बघतो. खरी कमाई वार्षिक देखभाल कराराची, म्हणजे एएमसीची. एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील.

समजा तुमचे २० ग्राहक आहेत आणि प्रत्येकी महिना १,२०० रुपये. महिन्याला २४,००० रुपये. तीन महिन्यांतून एकदा तपासणी धरली तर महिन्याला साधारण ७ भेटी. तक्रारीचे फोन प्रत्येकाचे दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे १० भेटी. एकूण १७. प्रत्येक भेटीला जाण्या-येण्याचे आणि किरकोळ सामानाचे ३०० रुपये धरले तर खर्च ५,१००. हातात १८,९०० आणि नवीन कामांसाठी बरेच दिवस मोकळे.

आता वायरिंग कच्चं केलं असेल तर? तक्रार महिन्याला प्रत्येकी एक. भेटी २७, खर्च ८,१००. हातात १५,९००, आणि रोज कुठेतरी धावाधाव. नवीन कामाला वेळच नाही. या धंद्यात फोन जितका कमी वाजेल तितका नफा जास्त. म्हणून सुरुवातीला वायरीत वाचवलेले पैसे वर्षभर पेट्रोलमध्ये जातात.

दुसऱ्यानं केलेल्या जुन्या वायरिंगचा करार घेताना आधी तपासणी करा, दुरुस्तीचं वेगळं कोटेशन द्या आणि मगच एएमसी लिहा. करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात : किती वेळात प्रतिसाद, काय समाविष्ट, काय नाही (वीज पडणं, उंदीर, दुसऱ्यानं केलेली छेडछाड), आणि सामानाचे पैसे वेगळे.

पासवर्ड मालकाचा

काही जण राउटरचा पासवर्ड स्वतःकडे दाबून ठेवतात, म्हणजे ग्राहक सोडून जाणार नाही. हे कधीही करू नका. उद्या तुम्ही आजारी पडलात तर त्याचा धंदा बंद. काम संपलं की एक फाइल मालकाच्या हातात द्या : नेटवर्कचा नकाशा, लेबलची यादी, सगळे पासवर्ड, वॉरंटीची बिलं आणि इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक. ज्याच्या हातात सगळं दिलंय, तो माणूस तुम्हाला शेजारच्या दुकानात घेऊन जातो.

कागदपत्रं आणि भांडवल

ग्राहकाच्या जागेत वायरिंग, सेटिंग, देखभाल करणं वेगळं आणि इंटरनेट विकणं वेगळं. एक कनेक्शन घेऊन दहा दुकानांना पैसे घेऊन वाटायचं म्हटलं तर त्यासाठी दूरसंचार विभागाची परवानगी लागते. त्या वाटेला असंच जाऊ नका.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. या नोंदणीचा वसुलीत उपयोग होतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे. मोठ्या ग्राहकाचं बिल अडकलं तर हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. सामान आणि सेवा दोन्ही देणार असाल तर महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी आवश्यक. बाकी तुमच्या सीएला विचारा.

सुरुवातीची अवजारं : क्रिम्पिंग टूल, पंच टूल, केबल टेस्टर, वायर शोधणारा टोनर, ड्रिल, शिडी, लेबल मशीन आणि एक साधा लॅपटॉप. मुद्रा योजनेत शिशु गटाचं कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं, तेवढ्यात नीट सुरुवात होऊ शकते. सामानाचा स्टॉक करू नका. ॲडव्हान्स घ्या, मग खरेदी करा.

या आठवड्याचं काम

ओळखीची पाच दुकानं निवडा. मालकाला काही विकू नका. फक्त वीस मिनिटं मागा आणि चार प्रश्न विचारा : गेल्या महिन्यात नेट किंवा बिलिंग किती वेळा बंद पडलं? तेव्हा किती वेळ गेला? फोन कुणाला केला? राउटरचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का? उत्तरं वहीत लिहा, राउटर आणि वायरीची अवस्था बघा, आणि दुसऱ्या दिवशी एका पानाचा साधा अहवाल हातात द्या, मोफत.

पाचपैकी एकानं जरी "मग हे दुरुस्त करायला किती घ्याल?" असं विचारलं, तर तुमचा पहिला ग्राहक मिळाला. आणि कुणीच विचारलं नाही तरी भांडवल न घालवता बाजाराचा अंदाज आला. वही आजच काढा, आणि पहिल्या पानावर त्या पाच दुकानांची नावं लिहा.