दारी येणारे दोन तरुण: मॉर्मन मिशनरींची दिनचर्या व शिकवण

शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत गेलेल्या आपल्या मंडळीतील मुलामुलींना तेथे कधी तरी दोन तरुण भेटतात. अंगात स्वच्छ सदरा, छातीवर काळी नामपट्टी, बोलणे नम्र. ते येशू ख्रिस्ताविषयी बोलतात, प्रार्थना करण्याची परवानगी मागतात आणि पुन्हा भेटण्याचा दिवस ठरवून निरोप घेतात. मग घरी प्रश्न येतो: हे आपल्यापैकीच आहेत काय? हा प्रश्न केवळ परदेशातील नाही. हैदराबाद येथे २०१२ साली या पंथाचा भारतातील पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा विभाग, स्थापन झाला आहे. प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि रागाच्या भरात दिलेले उत्तर तर कोणाच्याच उपयोगी पडत नाही. म्हणून हे तरुण कोण, ते कसे राहतात व काय शिकवितात, याची माहिती पाळकांना व धर्मशिक्षकांना असणे अगत्याचे आहे.

ज्या मंडळीला लोक 'मॉर्मन' म्हणतात तिचे पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. ६ एप्रिल १८३० रोजी जोसेफ स्मिथ यांनी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात तिची स्थापना केली. तिचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. 'मॉर्मन' हे टोपणनाव न वापरता पूर्ण नाव वापरावे, असे आवाहन तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये केले. प्रस्तुत लेखात केवळ वाचकांच्या सोयीसाठी रूढ शब्द ठेवला आहे.

मिशनरी होणे हा या मंडळीत आयुष्यभराचा व्यवसाय नसून तारुण्यातील एक कर्तव्य मानले जाते. मुलगे दोन वर्षे व मुली दीड वर्ष सेवा करतात. २०१२ मध्ये किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ करण्यात आले. कोणत्या देशी जावयाचे हे उमेदवार ठरवीत नाही. स्थानिक पुढाऱ्यांकडून त्याची मुलाखत होते, वैद्यकीय तपासणी होते आणि मग मुख्यालयातून नेमणुकीचे पत्र येते. वेतन मुळीच नाही. खर्चाचा भार तरुणाने स्वतः, त्याच्या कुटुंबाने वा त्याच्या मंडळीने उचलावयाचा असतो. देशोदेशींच्या खर्चात फार तफावत असल्यामुळे १९९१ पासून अमेरिकेसारख्या देशांतील कुटुंबांकडून एकसमान मासिक रक्कम घेण्याची पद्धत सुरू झाली. तेव्हा महागड्या देशी गेलेल्या मुलाच्या घरावर अधिक बोजा पडत नाही.

या मुलांना 'एल्डर' म्हणतात. आपल्या मराठी नव्या करारात याच शब्दासाठी 'वडील' हा शब्द योजिलेला आहे. अठरा वर्षांच्या मुलाला 'वडील' म्हणणे आपल्या कानांना विचित्र वाटते. परंतु त्यांच्या मंडळीत तो याजकपणाचा एक हुद्दा असून योग्य ठरलेल्या तरुणास वयाच्या अठराव्या वर्षापासून तो मिळू शकतो. मुलींना 'सिस्टर' असे संबोधितात. त्या व्रतस्थ भगिनी नव्हेत.

परदेशी निघण्यापूर्वी प्रशिक्षण असते. युटातील प्रोव्हो या गावी १९६१ साली परदेशी भाषा शिकविणारी शाखा निघाली. तिच्यातूनच आजचे मोठे प्रशिक्षण केंद्र वाढले. भाषा येत असल्यास तीनेक आठवडे, नवी भाषा शिकावयाची असल्यास सहा ते नऊ आठवडे, एवढाच हा काळ. एवढ्यात जपानी किंवा फिनिश भाषा येणार नाही, हे उघड आहे. उरलेली भाषा रस्त्यावर, बाजारात आणि लोकांच्या हसण्यातून शिकावी लागते.

रूढ दिनचर्या अशी: सकाळी साडेसहाला उठणे, व्यायाम, न्याहारी, आठ वाजता एकट्याने शास्त्राचा अभ्यास, नऊ वाजता जोडीदाराबरोबर अभ्यास व दिवसाची आखणी, दहाच्या सुमारास बाहेर पडणे, रात्री नऊपर्यंत परत येणे, साडेदहाला दिवा मालविणे. २०१७ पासून स्थानिक परिस्थितीप्रमाणे या वेळांत फेरफार करण्याची मुभा देण्यात आली. तथापि मूळ चौकट कायम आहे. मिशनरी एकटा कधीच राहत नाही. जोडीदार सदैव नजरेच्या टप्प्यात हवा. जोडीदार स्वतः निवडता येत नाही आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तो बदलतो. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट व पत्रलेखन यांसाठी राखलेला असतो. पूर्वी घरच्यांशी दूरध्वनीवर बोलणे नाताळ व मातृदिन एवढ्यापुरतेच मर्यादित असे. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला संभाषणाची परवानगी मिळाली.

या शिस्तीची गरज आकड्यांवरून ध्यानात येते. २०२४ अखेर जगभर असे ७४ हजारांहून अधिक मिशनरी होते आणि त्या वर्षी सुमारे ३ लाख ८ हजार प्रौढ व मुले बाहेरून येऊन बाप्तिस्मा घेती झाली. म्हणजे दर मिशनरीमागे वर्षाला सरासरी चार. बाकीचे दिवस बंद दारांचे व नकारांचे असतात. जपानचे उदाहरण बोलके आहे. १९०१ साली हिबर ग्रँट यांच्यासह चौघे योकोहामा येथे उतरले. त्यांतील अल्मा टेलर अवघ्या एकोणीस वर्षांचे होते. ते १९१० पर्यंत तेथे राहिले आणि त्यांनी केलेले 'बुक ऑफ मॉर्मन'चे जपानी भाषांतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही १९२४ मध्ये ते मिशन बंद झाले, तोवर बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या दोनशेच्याही आत होती. काम पुन्हा सुरू झाले ते १९४८ मध्ये. आपल्या भागातही ह्यू फिंडले हे त्यांचे मिशनरी १८५२ साली मुंबईस आले व पुढे पुण्यास त्यांनी काम केले. तो प्रयत्नही त्या दशकाच्या पलीकडे टिकला नाही. आजही काही तरुण थकव्यामुळे वा मानसिक ताणामुळे मुदतीपूर्वी परततात. २०१३ साली त्या मंडळीनेच ताण ओळखून तो हाताळण्याविषयी मिशनरींसाठी एक पुस्तिका काढली, यावरून अडचण खरी आहे हे दिसते.

आता शिकवणीकडे वळू. १९५२ साली सर्व मिशनांसाठी पहिली एकसमान पाठमाला निघाली. १९६१ च्या पाठमालेत सहा पाठ होते व ते तोंडपाठ करून म्हणावे लागत. २००४ मध्ये 'प्रीच माय गॉस्पेल' ही मार्गदर्शिका आली आणि पाठांतराऐवजी आशय समजून स्वतःच्या शब्दांत शिकविण्यावर भर आला. २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. पहिला पाठ 'पुनःस्थापने'चा: प्रेषितांच्या मृत्यूनंतर मंडळीतील खरा अधिकार लोपला, १८२० साली चौदा वर्षांच्या जोसेफ स्मिथला पिता व पुत्र यांचे दर्शन झाले आणि त्याच्याद्वारे तो अधिकार पुन्हा देण्यात आला, असे त्यात सांगतात. दुसरा पाठ जन्मापूर्वीचे जीवन, पृथ्वीवरील जीवन व मरणोत्तर वैभवाची राज्ये यांविषयी असतो. तिसऱ्यात विश्वास, पश्चात्ताप, बाप्तिस्मा व पवित्र आत्म्याचे दान येते. पुढे दशमांश, विवाहबाह्य संबंधांपासून दूर राहणे, आणि चहा, कॉफी, मद्य व तंबाखू वर्ज्य करणे हे नियम सांगितले जातात.

पद्धत मात्र आशयाहून अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. मिशनरी वाद घालीत नाही. तो थोडे सांगतो, प्रश्न विचारतो, स्वतःचा अनुभव साक्ष म्हणून मांडतो आणि शेवटी काही तरी करावयास सांगतो: ही पाने वाचा, हे खरे आहे काय असे देवाला विचारा, रविवारी उपासनेस या. पुढील भेटीत पहिली चौकशी त्याचीच होते. बाप्तिस्म्याचे आमंत्रणही लवकर येते आणि काही आठवड्यांतच तो उरकू शकतो. 'प्रेषितीय परंपरा' या प्राचीन ग्रंथात उमेदवारांसाठी तीन वर्षांच्या शिक्षणाचा उल्लेख आहे. त्या तुलनेत ही घाई ठळकपणे दिसते.

धर्मशिक्षकाने मुख्यतः ओळखावयाची गोष्ट ही की शब्द तेच असतात, अर्थ निराळे असतात. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे शब्द तेही वापरतात. परंतु हे तिघे हेतूने एक असले तरी वेगवेगळी अस्तित्वे आहेत आणि पित्यालाही मांस व अस्थी यांचे शरीर आहे, असे ते मानतात. ३२५ साली निकिया येथे पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे जे मंडळीने कबूल केले, ते त्यांना मान्य नाही. पवित्र शास्त्राबरोबर आणखी तीन ग्रंथ ते ईश्वरप्रणीत धरतात. याच कारणास्तव त्यांचा बाप्तिस्मा, पाणी व त्रैक्याचे नाव असूनही, वैध नाही असा निर्णय रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने ५ जून २००१ रोजी दिला. युनायटेड मेथडिस्ट मंडळीनेही २००० साली अशाच आशयाची भूमिका घेतली. उलट, इतर कोणत्याही मंडळीचा बाप्तिस्मा तेही ग्राह्य मानीत नाहीत. तेव्हा "सगळे सारखेच" हे उत्तर त्यांच्या दृष्टीनेही खरे नाही.

मग आपण काय करावे? दारी आलेला मिशनरी हा घरापासून हजारो मैल दूर असलेला, दिवसभर नकार ऐकलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आहे, हे आधी स्मरावे. त्याला पाणी द्यावे, सन्मानाने बोलावे आणि आपला विश्वास स्पष्ट सांगावा. दुसरे असे की आपला सभासद त्यांच्याकडे ओढला गेला तर तो बहुधा जोसेफ स्मिथच्या दर्शनामुळे गेलेला नसतो. परक्या शहरात दर आठवड्याला कोणी त्याची चौकशी करावयास आले, त्याच्याबरोबर प्रार्थना केली व त्याचे नाव लक्षात ठेवले, म्हणून तो गेलेला असतो. अशा वेळी त्यांच्या चुकांची यादी त्याच्या हाती देऊन फारसे साधत नाही. त्याच्या घरी आपली शेवटची भेट केव्हा झाली होती, ते आधी पाहावे लागते.

तिसरी गोष्ट दृढीकरणाच्या वर्गाची. मॉर्मन तरुण दोन वर्षे रोज सकाळी अभ्यास करून तेच सिद्धांत परक्या भाषेत शेकडो वेळा समजावितो. त्यात ऐकणारा बदलो न बदलो, सांगणारा निश्चित घडतो. घरी परतल्यावर त्याच्याच मंडळीतील बिनवेतनी कामे त्याच्यावर सोपविली जातात. आपली मुले त्याच वयात गाव सोडतात. त्रैक्याविषयी दोन मिनिटे स्वतःच्या शब्दांत बोलण्याची संधी आपण त्यांना एकदा तरी दिलेली असते काय? पुढील वर्गात प्रश्नोत्तरे पाठ म्हणवून घेण्याऐवजी प्रत्येकाला हे एकदा जोडीदारासमोर सांगावयास लावावे. जी वाक्ये अडतील, तेथून शिकविण्यास प्रारंभ करता येईल.