लेख पोचले, चित्रं कुठे?

एका संकेतस्थळावरचे लेख दुसऱ्यावर न्यायचे म्हटलं, की हात आधी कॉपी-पेस्टकडे जातो. दोन-चार लेखांपुरतं ते चालतं. शेकडो असले, की प्रकाशनाच्या तारखा, टॅग, वाचकांच्या प्रतिक्रिया मागेच राहतात.

मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली सुरू केलेल्या वर्डप्रेसमध्ये यासाठी ‘एक्स्पोर्ट’ची सोय आहे. लेख, प्रतिक्रिया, वर्गवारी असा सगळा ऐवज एका एक्सएमएल फाइलमध्ये उतरतो. ती नव्या ठिकाणी ‘इम्पोर्ट’ करायची. कोणता लेख कोणाच्या नावावर लावायचा, हेही तिथे ठरवता येतं.

गोची होते ती चित्रांपाशी. त्या फाइलमध्ये छायाचित्रं नसतातच, असतात फक्त त्यांचे पत्ते! इम्पोर्ट करताना चित्रं उतरवून घेण्याच्या चौकटीत खूण केली, तरच नवं संकेतस्थळ जुन्या सर्व्हरकडून ती मागून घेतं. ही खूण राहून गेली तरी पहिले काही दिवस सगळं छान दिसतं, कारण चित्रं जुन्या घरूनच येत असतात. ते बंद झालं, की लेखांत रिकाम्या चौकटी उरतात. म्हणून जुनं होस्टिंग बंद करायची घाई नको.

दोन्ही संकेतस्थळं चालूच ठेवायची असतील, तर शोधयंत्रांना मूळ लेख कोणता ते सांगावं लागतं. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने २००९मध्ये त्यासाठी ‘कॅनॉनिकल’ टॅग स्वीकारला. वर्डप्रेस मात्र नकललेल्या लेखातही त्या प्रतीचाच पत्ता मूळ म्हणून लिहितं. तो एखाद्या प्लगइनमधून बदलावा लागतो.