नाण्यावर राजा, खाणीत कोण?

सातवाहनांची शिशाची नाणी आपण संग्रहालयात पाहतो. नाण्यावर राजाचे नाव असते. शिसे खणणाऱ्याचे नसते. खानदेशचा डोंगर काळ्या पाषाणाचा, त्यात शिशाची खाण नाही. शिसे बाहेरून यायचे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात शिशाची नोंद आहे. आपल्या देशातील जुन्या खाणी पाहायच्या तर अरवलीत, उदयपूरजवळच्या जावरला जावे लागते.

जावरचे डोंगर आतून पोखरलेले आहेत. सुरुंगाची दारू नव्हती तेव्हा आग पेटवून खडक तापवायचा, तडकला की फोडायचा. धूर, अंधार आणि शिशाचे विष माणसांनी छातीवर घेतले. पुढे येथेच जस्त गाळले गेले. त्यासाठी वापरलेल्या मातीच्या मुशींचे ढीग आजही पडून आहेत. जुन्या घरांच्या भिंतीही त्याच मुशींच्या आहेत.

श्रेय मात्र कोणाला? चौदाव्या शतकाच्या अखेरच्या महाराणा लाखाला! खाणीत सापडलेल्या लाकडांचे वय मात्र इसवी सनापूर्वीचे निघाले. म्हणजे राणा जन्मण्याच्या दीड हजार वर्षांहून आधी कोणीतरी येथे घाम गाळत होते. त्यांचे एकही नाव उरले नाही.

याउलट चाळीसगावजवळच्या पितळखोरे लेण्यातील यक्षमूर्ती पाहा. ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव मूर्तीच्या हातावरच कोरलेले आहे. बौद्ध लेण्याने कारागिराला नाव दिले. राजेशाहीच्या इतिहासाने खाणकामगाराचे पुसले. हा फरक आपण ओळखला पाहिजे.

हा प्रश्न केवळ जुना नाही. १९६६ साली स्थापन झालेली हिंदुस्थान झिंक ही सरकारी कंपनी जावरच्या खाणी चालवू लागली. सरकारी कंपनी म्हणजे अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण. २००२ साली निर्गुंतवणुकीच्या नावाखाली तिचा कारभार स्टरलाइट उद्योगसमूहाकडे गेला. खासगी कंपनीवर आरक्षणाचे बंधन नाही. जावरभोवती आदिवासींची वस्ती आहे. आपल्या सातपुड्यातल्या भिल्लांचेच हे भाऊबंद. डोंगर त्यांचा, धूळ त्यांची. मग नोकरीतला घटनादत्त हक्क कोणी काढून घेतला?

म्हणून जुन्या खाणींचे जतन झालेच पाहिजे. पण तेथील फलकावर राण्याआधी श्रमिकाचा उल्लेख हवा. आणि आजच्या खाणीत, मालक कोणीही असो, आरक्षण हवे.